धातूच्या इलेक्ट्रोडने शर्करा मोजणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगळं सांगितलं नसेल तिथे खालचे आकडे ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमधले आहेत. सगळे पोटेन्शियल सिल्व्हर/सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सच्या (तुलनेसाठीचा स्थिर इलेक्ट्रोड, आत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड) तुलनेत दिले आहेत. ‘साखर’ म्हणजे वाण्याकडची, सुक्रोज. ‘शर्करा’ म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज, सुक्रोज असं सगळं कुटुंब. पहिल्यांदाच हात घालत असाल तर १ ते ८ ओळीने वाचा, बाकीचे अडेल तेव्हा.

१. शर्करा मोजायला धातूचा इलेक्ट्रोडच कशाला? यूव्ही डिटेक्टर का चालत नाही?

शर्करेच्या रेणूत प्रकाश नीट शोषून घेणारा गटच नाही. २०० नॅनोमीटरच्या खाली थोडंफार शोषण दिसतं, पण त्या पट्ट्यात निम्मं जग शोषण करतं. अपवर्तनांकाचा डिटेक्टर चालतो, मात्र त्याला तापमान जराही हललेलं खपत नाही, सूक्ष्म प्रमाण दिसत नाही आणि ग्रेडियंट (मोजणी चालू असताना वाहत्या द्रावणाची तीव्रता बदलत नेणं) तर वापरताच येत नाही. शर्करेकडे मुबलक आहेत ते हायड्रॉक्सिल गट. योग्य धातूवर, अल्कलीत, त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो करंट आपण मोजतो.

एक गोष्ट मात्र आताच मनात पक्की करा: धातू शर्करा ओळखत नाही. समोर ऑक्सिडीकरण होण्याजोगं जे येईल त्याचा तो करंट करतो. निवड करायची ती स्तंभाने (शर्करा एकेक वेगळी करणारी क्रोमॅटोग्राफीची नळी), नमुन्याच्या तयारीने आणि ब्लँकने (शर्करा नसताना येणारं वाचन). खालचे बरेचसे प्रश्न ही गोष्ट विसरल्यामुळेच आलेले आहेत.

२. म्हणजे ही विजेवर चालणारी बेनेडिक्ट टेस्टच ना? तिथेही तांबंच असतं.

नाही. बेनेडिक्टमध्ये द्रावणातलं तांबं स्वतः इलेक्ट्रॉन घेऊन विटकरी क्युप्रस ऑक्साइड होतं, आणि त्यासाठी शर्करा क्षपणक (त्याला इलेक्ट्रॉन देऊ शकणारी) असावी लागते. म्हणून साखरेला बेनेडिक्ट टेस्ट येत नाही. इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन बाहेरच्या परिपथात जातात आणि तांब्याचा पृष्ठभाग फक्त मध्यस्थी करतो. इथे मोकळा अल्डिहाइड गट लागत नाही, त्यामुळे सुक्रोजही चांगला करंट देतं. सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीनसुद्धा देतात, आणि तिथूनच डोकेदुखी सुरू होते (प्रश्न १८).

३. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) कशाला? फॉस्फेट बफरमध्ये का होत नाही?

दोन कारणं आहेत. पहिलं शर्करेचं. शर्करा अतिशय दुबळी आम्लं आहेत: पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनरूपात जातात तो आकडा) फ्रुक्टोजचा १२.०, ग्लुकोजचा १२.३, सुक्रोजचा १२.५ च्या आसपास. पीएच १३ ला सुमारे ८० टक्के ग्लुकोज आयनरूपात असतं आणि ते रूप सहज ऑक्सिडाइझ होतं. अ‍ॅनियन-एक्स्चेंज स्तंभावर शर्करा वेगळ्या करता येतात त्याही याच आयनीभवनामुळे.

दुसरं कारण धातूचं. निकेलवर काम करतं ते निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड. निकेल हायड्रॉक्साइडपासून ते पृष्ठभागावर तयार होतं, शर्करेचं ऑक्सिडीकरण करून पुन्हा हायड्रॉक्साइड होतं, आणि इलेक्ट्रोड त्याला परत ऑक्सिडाइझ करतो. हे चक्र हायड्रॉक्साइड आयनांवर चालतं. तांब्यावरही उच्च ऑक्सिडीकरण अवस्थेतला तसाच थर कामाला येतो असं मानलं जातं, पण तिथे खरंच त्रिसंयुजी तांबं असतं का, यावर एकमत नाही.

आणि हायड्रॉक्साइड खर्चही होतो. एक ग्लुकोज पूर्ण फुटून सहा फॉर्मेट झाले तर १८ हायड्रॉक्साइड खर्च होतात आणि १२ इलेक्ट्रॉन मिळतात. ०.१ मोलर द्रावणात याची चिंता नाही. ०.०१ मोलर वापरून काही मिलीमोलर शर्करा मोजायला गेलात, तर इलेक्ट्रोडजवळचा हायड्रॉक्साइड संपतो आणि प्रमाण-करंट आलेखाची रेघ वाकते.

४. तांबे, निकेल, सोने, प्लॅटिनम : कोणता घेऊ?

बीकरमध्ये शिकायचं असेल तर तांबे. स्वस्त आहे, +०.५ ते +०.६५ व्होल्टवर स्थिर ठेवून चालतं आणि करंट भरपूर देतं. पण ते हळूहळू विरघळतं, आणि अमोनिया, अमिनो आम्लं किंवा सिट्रेट दिसलं की त्यांच्याशी संयुग करून आणखी वेगाने जातं.

निकेल +०.४५ ते +०.५५ व्होल्टवर चालतं आणि जास्त टिकाऊ आहे. करंट सहसा तांब्यापेक्षा कमी, ब्लँक जास्त. रोज तेच तेच मोजायचं असेल तर निकेल घ्या.

सोने खूप कमी पोटेन्शियलवर काम करतं, पण एका पोटेन्शियलला धरून ठेवलं तर काही मिनिटांत त्याचा पृष्ठभाग मळतो. म्हणून त्याला पल्स द्याव्या लागतात (प्रश्न १३). स्तंभाच्या शेवटी बसवायला आजही सोन्याला तोड नाही. प्लॅटिनम शर्करेसाठी घेऊ नका. अर्धवट ऑक्सिडीकरणातून तयार होणारे कार्बन मोनॉक्साइडसारखे तुकडे आणि क्लोराइड दोन्ही त्याला घट्ट चिकटतात.

५. पहिल्या प्रयोगासाठी सामान काय लागेल?

तीन इलेक्ट्रोड चालवणारा पोटेन्शिओस्टॅट (ठरवलेलं पोटेन्शियल धरून करंट मोजणारं यंत्र; ±१ व्होल्ट आणि १ मायक्रोअँपिअरपर्यंत नीट वाचणारा पुरतो), मॅग्नेटिक स्टिरर, प्लॅस्टिकचं १०० मि.ली. बीकर, ५० आणि १०० मायक्रोलिटरचं पिपेट, रेफरन्स इलेक्ट्रोड, काउंटरसाठी (परिपथ पूर्ण करणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी) प्लॅटिनमची तार किंवा ग्रॅफाइटची कांडी, सोडियम हायड्रॉक्साइड आणि निर्जल ग्लुकोज.

दुकानातली ग्लुकोजची पावडर स्टँडर्ड म्हणून वापरू नका. ती बहुधा मोनोहायड्रेट असते, रेणूभार १८०.१६ ऐवजी १९८.१७, म्हणजे तिथेच ९ टक्के चूक. शिवाय काहींत ‘क’ जीवनसत्त्व घातलेलं असतं आणि ते इलेक्ट्रोडवर शर्करेच्या आधीच पेटतं.

रेफरन्सबद्दल: सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड अल्कलीत दीर्घकाळ ठेवला तर हायड्रॉक्साइड आत शिरतं, सिल्व्हर ऑक्साइड तयार होतं आणि पोटेन्शियल सरकतं. काम संपलं की तो लगेच पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात परत ठेवा. कपाटात एक न वापरलेला रेफरन्स राखून ठेवा आणि आठवड्यातून एकदा दोघांमधला फरक मल्टिमीटरने बघा. १० मिलीव्होल्टच्या वर गेला तर जुना निवृत्त करा. रोज अल्कलीतच काम असेल तर मर्क्युरी/मर्क्युरिक ऑक्साइड बरा. त्याच्या तुलनेत इथले आकडे साधारण ०.१ व्होल्टने वाढवून वाचा.

६. विजेच्या वायरीपासून इलेक्ट्रोड बनवता येतो का? कसा?

येतो, आणि चांगला होतो. अर्थिंगची १४ गेजची उघडी तांब्याची तार घ्या. व्यास २.०३ मि.मी., म्हणजे कापलेल्या टोकाचं क्षेत्रफळ ०.०३२ चौ. सें.मी. घरातल्या फिटिंगची वायर शक्यतो नको. तिच्यात बारीक तारांचा पीळ असतो आणि तारांच्या मधे द्रावण शिरतं. मोटर रिवाइंडिंगची एनॅमलची तार चालते, उलट एनॅमल आयतं इन्सुलेशन होतं.

तारेचा ५ सें.मी. तुकडा २०० मायक्रोलिटरच्या पिपेट टिपमध्ये किंवा रिकाम्या पेनच्या नळीत घालून दोन भागांचा एपॉक्सी ओता आणि २४ तास सुकू द्या. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद कॉस्टिकमध्ये टिकत नाही. सुकल्यावर टोक ४००, ८००, १२००, २००० अशा क्रमाने पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासा, शेवटी ०.३ मायक्रॉन अ‍ॅल्युमिना. घासताना आठाचा आकार काढा, नाहीतर टोक एका बाजूला उतरतं.

भिंगाखाली तांबं आणि एपॉक्सी यांच्यामधे काळी रेघ दिसली तर तिथे फट आहे. असा इलेक्ट्रोड कितीही पॉलिश केला तरी स्थिर बेसलाइन (शर्करा नसतानाची करंटची रेघ) देणार नाही. तो टाकून नवा बनवलेला परवडतो.

७. प्रत्यक्ष मोजणी कशी करायची? पायऱ्या सांगा.

१. ८०० मि.ली. पाण्यात ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवा आणि १ लिटर करा. नेहमी पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी नाही. डोळ्यांना गॉगल हवाच.

२. १.८०२ ग्रॅम निर्जल ग्लुकोज साध्या शुद्ध पाण्यात घेऊन १०० मि.ली. करा. हे ०.१ मोलर स्टॉक. ते कॉस्टिकमध्ये का करायचं नाही ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. बीकरमध्ये ५० मि.ली. कॉस्टिकचं द्रावण, नुकता घासलेला इलेक्ट्रोड, न ढवळता ० ते +०.७ व्होल्ट, ५० मिलीव्होल्ट प्रति सेकंद, २० फेऱ्या (पोटेन्शियल वर नेऊन परत आणणं म्हणजे एक फेरी; हीच सायक्लिक व्होल्टॅमेट्री). शेवटच्या दोन फेऱ्या एकमेकींवर बसल्या की पृष्ठभाग तयार झाला. नसतील बसल्या तर आणखी दहा.

४. स्टिरर चालू करा. वेग जो ठरवाल तो शेवटपर्यंत हलवू नका. नॉबवर मार्करने खूण करून ठेवा. +०.५५ व्होल्ट लावा आणि ५ ते १० मिनिटं थांबा. सुरुवातीचा करंट झपाट्याने उतरेल, तो उतरू द्या.

५. आधी ५० मायक्रोलिटर नुसतं पाणी घाला. पायरी दिसायला नको. दिसली तर पिपेट किंवा पाणी अस्वच्छ आहे.

६. मग ५० मायक्रोलिटर स्टॉक. ५० मि.ली. मध्ये याचे ०.१ मिलीमोलर होतात. काही सेकंदांत करंटची पायरी चढून सपाट होईल. मिनिटाने पुन्हा. अशा दहा पायऱ्या झाल्या की १ मिलीमोलरपर्यंतचा आलेख हातात.

नमुना मोजताना त्यातच पुन्हा दोन-तीन वेळा स्टँडर्ड घालून बघा. वेगळ्या बीकरमध्ये काढलेला आलेख नमुन्याला लावण्यापेक्षा हे कितीतरी विश्वासाचं आहे, कारण नमुन्यातली इतर घाण दोन्ही वाचनांना सारखीच त्रास देते.

८. माझा करंट बरोबर आहे हे कसं ओळखू? किती यायला हवा?

कागदावर वरची मर्यादा काढता येते. ग्लुकोजचा पाण्यातला विसरण गुणांक सुमारे ६.७ × १०⁻⁶ चौ. सें.मी. प्रति सेकंद आहे. साधारण ढवळण्याने इलेक्ट्रोडजवळचा अचल थर ३० मायक्रॉनच्या आसपास राहतो असं धरा. १२ इलेक्ट्रॉन आणि ०.०३२ चौ. सें.मी. घेतले तर १ मिलीमोलरला जेमतेम ८० मायक्रोअँपिअर, म्हणजे प्रश्न ७ मधल्या एका पायरीला ८. सगळे इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, त्यामुळे पायरी काही मायक्रोअँपिअरची आली तर सगळं ठीक आहे. अर्ध्याहून कमी मायक्रोअँपिअर आली तर पृष्ठभाग मेलेला आहे, नाहीतर पोटेन्शियल चुकलंय. ३०-४० आली तर स्टॉक दहापट दाट झालंय किंवा तारेची बाजू उघडी पडलीय.

हाच हिशेब शोधनिबंध वाचतानाही कामी येतो. वरच्या आकड्यांतून कमाल संवेदनशीलता २६०० मायक्रोअँपिअर प्रति मिलीमोलर प्रति चौ. सें.मी. निघते. त्याच्या कितीतरी वरचा आकडा दिसला की भागाकार कोणत्या क्षेत्रफळाने केलाय ते बघा. स्पंजासारख्या निकेलचं आतलं सगळं क्षेत्र कामाला लावायचं आणि भागायचं बाहेरच्या चौकोनाने, हा प्रकार सर्रास चालतो. ढवळण्याचा वेग दिलेला नसेल तर त्या आकड्याची तुलना कशाशीच करता येत नाही.

९. निबंधात ‘१.५३ व्होल्ट, आरएचई’ लिहिलंय आणि माझ्याकडे +०.५५. कोण चुकलं?

कोणीच नाही. आरएचई म्हणजे रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड, वेगळा रेफरन्स. तुमच्या आकड्यात ०.२१ आणि (०.०५९ × पीएच) मिळवा. पीएच १३ ला एकूण ०.९८ होतात.

१०. अर्धा तास झाला तरी बेसलाइन स्थिर होत नाही.

कोणत्या दिशेला जातेय ते आधी बघा.

सतत खाली, पण दर मिनिटाला कमी वेगाने: पृष्ठभाग अजून तयार होतोय. थांबा, किंवा आणखी फेऱ्या मारा.

सतत वर: द्रावणात काहीतरी येतंय, नाहीतर पाण्याचं ऑक्सिडीकरण सुरू झालंय. पोटेन्शियल ५० मिलीव्होल्टने उतरवून बघा. वाढ थांबली तर रेफरन्स सरकला होता (प्रश्न ५).

दात्यांसारखी, ठरावीक तालात: स्टिररची दांडी इलेक्ट्रोडच्या फार जवळ आहे किंवा मध्यभागी नाही. ५० हर्ट्झचं गुणगुणणं असेल तर सगळा सेल पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा पोटेन्शिओस्टॅटच्या अर्थला जोडा.

अचानक उड्या: इलेक्ट्रोडवर बुडबुडा. टोक जरा तिरकं धरून बुडवा.

आणि तापमान. विसरण गुणांक दर अंशाला २ टक्क्यांच्या आसपास वाढतो. सकाळी २६ अंशांवर काढलेला आलेख मे महिन्यातल्या दुपारी ३६ अंशांच्या खोलीत लावलात तर उत्तर २० टक्क्यांनी फुगेल. वातानुकूलन नसेल तर बीकर पाण्याच्या टबात ठेवा आणि आलेख त्याच तासात काढा.

११. २ मिलीमोलरनंतर रेघ वाकते. इलेक्ट्रोड बिघडला?

नाही. पृष्ठभागावरच्या जागा भरल्या आहेत आणि अर्धवट ऑक्सिडाइझ झालेले तुकडे त्या वेळेत रिकाम्या करत नाहीत. नमुना पातळ करा. वाकलेल्या भागाला वक्र समीकरण बसवून आकडा काढण्याचा मोह टाळा. पृष्ठभाग जरा जुना झाला की वक्र बदलतो.

१२. बॅटरीच्या निकेल पट्टीचा इलेक्ट्रोड केला. आधी छान, आठवड्याने ब्लँक दुप्पट. असं का?

दोन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि दोन्हींत लोखंडच आहे.

एक, पट्टी शुद्ध निकेलची नाही. सेल जोडायच्या बऱ्याच पट्ट्या निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात. चुंबकाने कळत नाही, दोन्ही चिकटतात. कडेला कानस मारा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर ते पोलाद.

दोन, पट्टी शुद्ध आहे पण कॉस्टिकमध्ये लोखंड आहे. निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड द्रावणातलं लोखंड पीपीएमहूनही कमी प्रमाणात असलं तरी थरात ओढून घेतं, आणि असा थर ऑक्सिजन सोडण्यात फार तरबेज होतो. तोच करंट तुम्हाला ब्लँक म्हणून दिसतो. चांगल्या प्रतीचं कॉस्टिक वापरा, पोटेन्शियल +०.५ च्या वर नेऊ नका आणि आठवड्यातून एकदा थर घासून काढून नवा तयार करा.

निकेल ठीक चाललंय याची खूण: सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत ग्लुकोज घातल्यावर जाताना दिसणारं शिखर वाढतं आणि परतीचं शिखर लहान होतं. दोन्ही सारखीच वाढली तर शर्करेचा त्यात काही हात नाही.

१३. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर परतीच्या फेरीत ऑक्सिडीकरणाचं शिखर येतंय. वायरी उलट्या जोडल्या का?

नाही, हे सोन्याचं वैशिष्ट्य आहे. वर जाताना +०.२ ते +०.३ व्होल्टच्या आसपास ग्लुकोज ऑक्सिडाइझ होतं. पुढे सोन्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि करंट मरतो. परत येताना तो ऑक्साइड निघतो, स्वच्छ सोनं अचानक उघडं पडतं आणि वाट बघत असलेलं ग्लुकोज त्यावर तुटून पडतं. पोटेन्शियल खाली येत असतं, करंट मात्र ऑक्सिडीकरणाचाच.

पल्स पद्धत याच वागणुकीवर उभी आहे. १९८० च्या दशकात आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत डेनिस जॉन्सन यांच्या गटाने ती विकसित केली आणि डायोनेक्स कंपनीच्या यंत्रांमुळे ती घरोघरच्या नाही तरी प्रयोगशाळेप्रयोगशाळेच्या परिचयाची झाली. कल्पना अशी: थोडा वेळ मोजा, लगेच इलेक्ट्रोड विजेने धुवा, पुन्हा मोजा, आणि हे सेकंदाला दोनदा.

१४. पल्सचे नेमके आकडे कोणते ठेवू? जुन्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत, नव्या यंत्रात चार.

चारची ठेवा: ० ते ०.४० सेकंद +०.१ व्होल्ट (यातल्या ०.२० ते ०.४० मध्ये मोजणी), ०.४१ ते ०.४२ ला −२.० व्होल्ट, ०.४३ ला +०.६, ०.४४ ते ०.५० ला −०.१. चक्र अर्ध्या सेकंदाचं.

जुनी तीनची पद्धत +०.०५, +०.७५, −०.१५ अशी एका सेकंदाची होती. तिच्यात सफाई ऑक्साइड चढवून आणि उतरवून होते आणि दर चक्राला कणभर सोनं विरघळतं. काही आठवड्यांत चकती खोल जाते आणि शिखरं बुटकी होतात. चारच्या पद्धतीत सफाई ऋण पोटेन्शियलवर होत असल्याने ही झीज टळते. पद्धत बदललीत तर जुन्या आलेखावर विसंबू नका.

सोनं मळलं तर आधी पेन्सिलीचं गुलाबी खोडरबर. खोटं वाटेल, पण निर्माते स्वतः हेच सुचवतात. ओल्या चकतीवर हलक्या हाताने गोल फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. अ‍ॅल्युमिना हा शेवटचा उपाय, कारण त्यानंतर बेसलाइन बसायला बराच वेळ जातो.

१५. स्तंभावर ग्लुकोजचं शिखर रोज थोडं लवकर येतंय.

कार्बोनेट. कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं. कार्बोनेट स्तंभाला हायड्रॉक्साइडपेक्षा घट्ट धरतं आणि शर्करेला जागा उरत नाही.

गोळ्यांपासून द्रावण करू नका, त्यांच्यावर कार्बोनेटचा थर असतोच. ५० टक्के तयार द्रावण घ्या. एवढ्या दाट कॉस्टिकमध्ये सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, ते तळाशी बसतं. म्हणून बाटली हलवायची नाही, मधल्या भागातून ५.२ मि.ली. काढायचे आणि वायू काढलेल्या १ लिटर पाण्यात पिपेटचं टोक बुडवून सोडायचे. हे ०.१ मोलर झालं. बाटली प्लॅस्टिकची, वर नायट्रोजन किंवा हेलियमचा दाब. काचेची बाटली नको: काच झिजून सिलिकेट उतरतं आणि काचेचं बूच कायमचं बसतं. स्तंभ आधीच भरला असेल तर ०.२ मोलर कॉस्टिकने धुऊन काढा.

१६. शुद्ध ग्लुकोज घातलं, तरी फ्रुक्टोजचं बारीक शिखर येतंय. बाटलीत भेसळ?

स्टँडर्ड कॉस्टिकमध्ये करून ठेवलं होतं ना? अल्कलीत ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज एकमेकांत बदलतात. लोब्री द ब्रुइन आणि व्हान एकेन्स्टाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जुनी अभिक्रिया आहे. स्टॉक नेहमी शुद्ध पाण्यात, फ्रिजमध्ये, काही दिवसच. जास्त ठेवायचं तर छोट्या कुप्यांत गोठवून. नमुना मोजायच्या क्षणीच कॉस्टिकला भेटला पाहिजे.

१७. बीकरमध्येच ग्लुकोज आणि सुक्रोज वेगळं ओळखता येईल?

नाही. पोटेन्शियल बदलून वेगळं करू असं वाटतं, पण दोघांची शिखरं एकमेकांवरच बसतात. ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमने ग्लुकोज संपवून आधीचा आणि नंतरचा फरक घ्यायची कल्पनाही वारंवार येते. तीही फसते: ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल होतं, त्याच्यावरही हायड्रॉक्सिल असतातच आणि तांबं त्याचाही करंट करतं.

वेगळं हवं तर स्तंभ हवा. प्रबळ अ‍ॅनियन-एक्स्चेंज स्तंभावर कॉस्टिकमध्ये सॉर्बिटॉलसारखी शर्करा-अल्कोहोलं सर्वांत आधी, मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, त्यांच्यामागून सुक्रोजसारख्या द्विशर्करा. केशिका इलेक्ट्रोफोरेसिसच्या (केसासारख्या नळीत विजेने घटक वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) टोकाला तांब्याचा सूक्ष्म इलेक्ट्रोड लावूनही हे जमतं. रिचर्ड झेअर यांच्या गटाने १९९३ मध्ये ते दाखवलं.

१८. ‘शुगर-फ्री’ मिठाईत भरपूर साखर दाखवतेय! कंपनी फसवतेय का?

एवढ्यावरून तसं म्हणू नका. सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल दोन्ही करंट देतात. सुक्रालोजसुद्धा सोन्यावर पल्स पद्धतीने मोजतात. स्तंभाशिवाय काढलेला निष्कर्ष प्रश्न १ मधल्या इशाऱ्यावरच आपटतो.

याच कारणाने हाताला क्रीम लावून काम करू नका (ग्लिसरीन), स्टार्चची पावडर असलेले हातमोजे नकोत, आणि पिपेटची टिप टिश्यू पेपरने पुसू नका.

१९. दुधातलं लॅक्टोज मोजायचंय. कॅरेझने (प्रथिनं खाली बसवणाऱ्या दोन द्रावणांनी) प्रथिनं काढली तर ब्लँकच आभाळाला भिडला.

कॅरेझच्या एका द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइड आहे. ते +०.२ व्होल्टच्या आसपासच ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे तुमच्या +०.५५ ला पूर्ण करंट देतं. दुसरं, जस्ताचं द्रावण थोडं जास्त घाला म्हणजे सगळं फेरोसायनाइड अवक्षेपात जाईल. नाहीतर १० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्टरमधून गाळा. ब्लँकसाठी दुधाऐवजी पाणी घेऊन तीच सगळी प्रक्रिया करा.

दुधात लॅक्टोज साधारण ०.१४ मोलर असतं. हजारपट पातळ केलं की ०.१४ मिलीमोलर, अगदी सोयीचं. प्रथिनं न काढता नुसतंच पातळ करून मोजलं तर पहिलं वाचन बरं येतं, पाचव्यापर्यंत इलेक्ट्रोड प्रथिनांनी लिंपला जातो.

२०. साखर कारखान्यात बॉयलरला जाणाऱ्या कंडेन्सेटमधली (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यातली) साखर अशी पकडता येईल का? सध्या आम्ही अल्फा-नॅफ्थॉलची रंगाची टेस्ट करतो.

संवेदनशीलतेचा प्रश्न नाही. १० पीपीएम सुक्रोज म्हणजे २९ मायक्रोमोलर, ते निकेलवर आरामात दिसतं. अडचण निवडीची आहे. कंडेन्सेटमध्ये रसातून आलेला अमोनिया असू शकतो, म्हणून तांबं नको. बॉयलरला सल्फाइट किंवा हायड्रॅझिन घालत असाल तर दोन्ही साखरेआधी ऑक्सिडाइझ होतात. त्यामुळे नमुना रसायन घालण्याच्या आधीच्या ठिकाणाहून घ्या, कॉस्टिक मिसळून पीएच १३ करा, आणि एकेका आकड्यापेक्षा नेहमीच्या पातळीवरून झालेल्या उडीकडे लक्ष द्या. उडी दिसली की अल्फा-नॅफ्थॉलची जांभळी कडी बघून खात्री करा. ती टेस्ट बंद करू नका. ती कर्बोदकांपुरतीच बोलते, निकेलला तसं बोलता येत नाही.

उसाच्या रसासाठी मात्र ही पद्धत कशाला? तिथे साखर अर्ध्या मोलरच्या घरात असते. पाच हजारपट पातळ करण्यातली चूक पोलारिमीटरच्या चुकीपेक्षा मोठी होईल.

२१. याच तारेने रक्तातली साखर मोजता येईल?

नाही, आणि करून बघूही नका. रक्ताचा पीएच ७.४, क्लोराइड सुमारे १०० मिलीमोलर, वर प्रथिनं, युरिक आम्ल, ‘क’ जीवनसत्त्व, घेतली असेल तर पॅरासिटामॉल. ग्लुकोमीटरच्या पट्टीत ओळखण्याचं काम एन्झाइम करतं आणि धातू किंवा कार्बन फक्त इलेक्ट्रॉन गोळा करतो; क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेली हीच मूळ कल्पना.

एन्झाइमही अचूकच असतं असं नाही. पीक्यूक्यू प्रकारच्या ग्लुकोज डिहायड्रोजिनेजच्या पट्ट्या माल्टोजला ग्लुकोज समजतात. पोटाच्या डायलिसिससाठी आयकोडेक्स्ट्रिन घेणाऱ्यांच्या रक्तात माल्टोज असतं आणि पट्टी खोटी वाढलेली साखर दाखवते. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. अशा रुग्णांनी पट्टीच्या माहितीपत्रकात एन्झाइमचं नाव बघावं आणि डॉक्टरांना विचारावं.

२२. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू का?

तांब्याचं असेल तर वेगळ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा. निकेलचंही तसंच, निकेलने त्वचेला अ‍ॅलर्जी होते, हातमोजे घाला. नुसतं कॉस्टिक असेल तर पातळ आम्लाने उदासीन करून मग ओता. अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्यात कॉस्टिक कधीही नाही, हायड्रोजन सुटतो.